आधी घार समजा

शाळेतल्या मुलांना पक्षी दाखवायला नेत असे तेव्हा मी त्यांना एक नियम सांगत असे. आकाशात कोणताही मोठा पक्षी दिसला, की आधी ती घार आहे असे समजायचे. मग तिची शेपटी पाहायची. शेपटीला मध्ये खाच दिसली, आणि ती होडीच्या सुकाणूसारखी डावी-उजवीकडे वळत असली, की विषय संपला. खाच नाही, शेपटी गोलसर आहे, पंख रुंद आहेत आणि त्यांच्या टोकाची पिसे बोटांसारखी सुटी दिसतात अशी खात्री पटली, तरच 'गरुड' हा शब्द उच्चारायचा. गरुड पाहण्याची हौस सगळ्यांनाच असते, आणि हौशी डोळा फार लवकर फसतो. म्हणून पक्ष्यावर संशय घ्यावा, असे माझे सांगणे होते.

नारायण पेठेतल्या एका शाळेत मी भूगोल शिकवत असे. आमच्या गच्चीवरून नदीच्या बाजूला घारी घिरट्या घालताना दिसत. सहावी-सातवीची मुले फरशीवर उताणी झोपत आणि ओरडत, "सर, खाच! सर, खाच!" खालच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाई एकदा वर येऊन म्हणाल्या, "अहो सर, तुमच्या वर्गात एक तरी पक्षी निर्दोष सुटतो का?" मी हसलो. पण त्या प्रश्नाचा मला थोडा अभिमानच वाटला होता, हेही लिहून ठेवले पाहिजे.

नव्या शतकाची ती पहिली काही वर्षे होती. त्यातल्या एका हिवाळ्यात वाघोलीच्या पुढे, दगडाच्या खाणींच्या पलीकडे असलेल्या एका उघड्या माळावर मला पिंगट गरुडाचे घरटे सापडले. माळावर एकटीच उभी असलेली जुनी बाभूळ होती आणि तिच्या अगदी शेंड्यावर काटक्यांचा, मोडक्या खाटेएवढा पसारा होता. त्या पसाऱ्यात मादी बसून होती. मी तासभर संशय घेतला. शेवटी संशय संपला, आणि एकट्या माणसालाच होतो तसा मोठा आनंद मला झाला. पिल्लू अंड्यातून बाहेर आले की मुलांना आणायचे, आणि ते उडेपर्यंत दर रविवारी आणत राहायचे, असे मी तिथेच ठरवले. पुस्तकातल्या चित्रापेक्षा एक वाढते पिल्लू मुलांना अधिक शिकवील, यात मला शंका नव्हती. दिवसभर संशय शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या हेतूविषयी मात्र शंका येत नाही.

जानेवारीच्या अखेरीस चौदा-पंधरा मुले, चित्रकलेच्या बाई आणि मी असे सकाळच्या बसने नगर रस्त्याने निघालो. माझ्याजवळ एका डोळ्याने पाहायची लांब दुर्बीण होती. तिला ठेवायला मी जुन्या बाजारातून एक लाकडी तिपाई आणली होती. ती पूर्वी जमीन मोजणाऱ्याच्या यंत्राची होती. तिचे पितळी स्क्रू आणि पिवळा रंग मुलांना फार आवडे. बाभळीपासून बऱ्याच अंतरावर मी ती तिपाई रोवली आणि मुलांना रांगेत उभे केले. पांढऱ्या लवीचे, मान न सावरणारे पिल्लू प्रत्येकाने पाहिले. एक मुलगा म्हणाला, "सर, हे तर कापूस पिंजल्यासारखं दिसतंय." तेवढ्यात खाणीच्या बाजूने एक मोटारसायकल आली.

तिच्यावर साठी ओलांडलेले, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ होते. ते उतरले नाहीत. पाय टेकवून आधी त्यांनी तिपाई पाहिली, मग रांग, मग मला.

"कुणी सांगितली मोजणी?"

"मोजणी नाही," मी म्हणालो. "आम्ही शाळेचे लोक आहोत. पक्षी पाहायला आलो आहोत."

"कुठली शाळा?"

"नारायण पेठेतली."

"नारायण पेठेत पाखरं संपली व्हय?"

मुले हसली. मी त्यांना गरुडाविषयी सांगितले, घरटे दाखवले, दुर्बिणीतून पाहण्याची विनंती केली. ते उतरले, टोपी मागे सारून वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "घार हाय."

सातवीतली एक मुलगी लगेच पुढे आली. माझा नियम तिने इतका आत्मसात केला होता की कधी कधी मलाच तिची भीती वाटे. "आजोबा, घारीच्या शेपटीला खाच असते. हिच्या नाहीये."

"माझ्या बापापासनं ह्यो माळ आमचा हाय, बाळ. माझ्या माळावर घारच असती."

ते तिपाईकडे पुन्हा एकदा पाहून निघून गेले. त्यांच्या बोलण्यात काहीतरी होते, असे मला त्या क्षणापासून वाटू लागले. माणूस स्वतःच्या झाडावरचा गरुड नाकारतो, तो का? परतीच्या बसमध्ये मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "त्यांना घार आणि गरुड यांतला फरक कळत नसेल. माझीही तीच गत आहे. तुम्ही मलाही पकडणार आहात का?"

पण शंका गेली नाही. आसपासचे माळ विकले जात होते. एक-दोन ठिकाणी तारेची कुंपणे उभी राहिली होती आणि एका कुंपणाच्या आत कालपरवापर्यंत असलेले कडुनिंबाचे झाड तोडलेले मी पाहिले होते. हा माळही विकायचा असणार, आणि घेणाऱ्याला मोकळी जमीन हवी असणार. बाभूळ मार्चअखेरपर्यंत उभी राहिली नाही, तर पिल्लू संपले. पंख भरायला त्याला अजून दोन महिने हवे होते.

त्यावर उपाय मला सुचला तो पेठेतल्या माणसाला सुचावा असाच. मी पाटी लावायचे ठरवले. आमच्याकडे जिन्यात, फाटकावर, चपला काढायच्या जागी पाटी लावल्याशिवाय आपले म्हणणे पूर्ण झाले असे कोणाला वाटतच नाही. पत्र्याचा तुकडा बाईंनी रंगवून दिला. मजकूर सातवीतल्या त्या मुलीने रचला. मी फक्त शुद्धलेखन तपासले. "येथे गरुडाचे घरटे आहे. दगड मारणाऱ्यांनी आधी येथे स्वतःच्या घराचा पत्ता लिहावा." सगळा वर्ग त्यावर खूश होता. मीही होतो.

पुढच्या रविवारी पाटी घेऊन आम्ही माळावर गेलो. ती खोडाला तारेने बांधायचे काम मी तीन मोठ्या मुलांवर सोपवले आणि स्वतः बाकीच्यांसह दूर तिपाईशी थांबलो. थोड्याच वेळात मादी घरट्यातून उठली. ती आमच्या डोक्यांवरून वर्तुळे घेऊ लागली, इतकी खाली की उघड्या डोळ्यांना पिसांची बोटे मोजता येत होती. तिने एकदा घोगरा आवाजही काढला. तसा धडा मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी दिला नसेल. रुंद पंख, आखूड शेपटी, पंख न हलवता वाऱ्यावर तोललेले शरीर, सगळे जणू फळ्यावर काढल्यासारखे समोर होते. मी म्हणालो, "पाहा, ती आज आपल्याला किती वेळ देते आहे!"

पाटी बांधणारी मुले परत आली. त्यांच्यात ती मुलगीही होती. बसमध्ये ती तळहात तोंडाशी धरून बसली होती. मी विचारल्यावर म्हणाली, "काटा लागला, सर." माळावर काटे असतातच. मी माझ्या पिशवीतली पट्टी तिला दिली आणि विसरून गेलो.

तिसऱ्या रविवारी पाटी नव्हती. आणि बाभळीच्या बुंध्याभोवती पुरुषभर उंचीचा वाळलेल्या काट्यांचा ढीग रचलेला होता.

वाळलेले काटे, मध्ये झाड. एक काडी पुरे होती. मुलांच्याही ते लक्षात आले. कोणीतरी म्हणाले, "सर, जाळणार आहेत." मी त्याला गप्प केले नाही. खरे तर मला ते ऐकायचेच होते. मोटारसायकल पुन्हा आली तेव्हा मी मुलांना मागे ठेवून पुढे गेलो. माझा आवाज सहसा चढत नाही. त्या दिवशीही चढला नाही, पण त्यात एक गारठा होता.

"पाटी कोणी काढली?"

"म्या."

"आणि हे काटे?"

"म्या लावले."

"कशासाठी?"

"माझं झाड, माझे काटे," ते म्हणाले. "तुमी कशापायी लावली पाटी? मला इचारलं?"

विचारले नव्हते, हे खरे होते. मी म्हणालो, "गरुडाला त्रास होऊ नये म्हणून."

"पुन्यांदा गरुड!" त्यांनी गाडी बंद केली. "हे बगा मास्तर. हिकडं पुण्याची हद्द येणार म्हनत्यात. नकाशा निघंल. ज्या माळावर असलं काय घावलं, त्यो हिरवा रंगवत्यात. मग तिथं घर बांधायचं न्हाई, इकायचं न्हाई, नुस्तं बघत बसायचं. माझी दोन पोरं ह्या माळाकडं डोळं लावून बसल्यात. उद्या कुणी तुमच्या पाटीचा फोटू काढला, छापून आला, तर कुणी याचं माझ्या दारात? तुमी?"

नकाशे असे रंगत नाहीत, असे मला म्हणायचे होते, पण ते नेमके कसे रंगतात हे मलाही ठाऊक नव्हते.

"आन् झाड?" त्यांच्याच बोलीत मी कधी विचारले, मला कळले नाही.

"घार असंल तर झाडाचं मला काय वझं न्हाई. घारीला कोन इचारतंय? ऱ्हाऊ द्या बसलेली. गरुड असंल तर मग मला इचार करावा लागंल." ते मुलांकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "काय हाय रं ही?"

ती मुलगी माझ्याकडे पाहत होती. संपूर्ण वर्ष मी तिला शिकवले होते की नाव हे पुराव्याने ठरते, सोयीने नाही. माझ्या एका शब्दावर ते पिल्लू राहणार होते किंवा जाणार होते. निदान मला तसे वाटत होते.

मी म्हणालो, "घार आहे."

"पण सर..."

"घार आहे," मी पुन्हा म्हणालो.

गृहस्थांनी मान हलवली आणि ते गेले. त्या दिवशी बसमध्ये कोणी गाणी म्हटली नाहीत. चित्रकलेच्या बाई वाघोलीपासून येरवड्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "सुटला म्हणायचा एक पक्षी." एवढेच. मला त्यात उपरोध किती आणि दिलासा किती होता, ते ठरवता आले नाही.

खोटे बोलूनही मला शांती मिळाली नाही, कारण मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. घार म्हणवून घेतले, आता निवांतपणे झाड पाडतील. आमचा रविवार चुकवून, मधल्या वारी. हा विचार इतका बळावला की पुढच्या बुधवारी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि एकटाच माळावर गेलो. रस्त्याने न जाता खाणीच्या कडेने, आडोशा-आडोशाने गेलो. पन्नाशीकडे झुकलेला एक शिक्षक, हातात छत्री, दगडामागून दगडामागे.

ढिगाऱ्याच्या शेवटच्या वळणावर पांढरी टोपी दिसली. ते गृहस्थ एका दगडाच्या सावलीत, बाभळीकडे तोंड करून बसले होते. मोटारसायकल त्यांनी खाली खाणीत लपवली होती.

"तुम्ही?" मी म्हणालो.

"तुमी?" ते म्हणाले.

मग त्यांनीच पुढे विचारले, "कुनाला घिऊन आलाय? सायब कुठं हाय?"

"कोणता साहेब?"

"मला वाटलंच व्हतं. रैवारी पोरं आनायची आन् मधल्या वारी गुपचूप नकाशावाला सायब. दोन दिस झालं, दुपारचा हितं येऊन बसतूय."

"मला वाटले, तुम्ही झाड तोडायला येणार."

"कुऱ्हाड दिसती का हातात?"

"माझ्याबरोबर साहेब दिसतो का?"

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले. ते थोडे सरकले आणि दगडाची अर्धी सावली माझ्यासाठी मोकळी झाली. मी बसलो. आम्ही एकमेकांवर पाळत ठेवून तास-दीड तास तिथे काढला. त्या वेळात नर एक उंदीर घेऊन आला. पिल्लू आता पांढरे राहिले नव्हते, खांद्यांवर गडद पिसे फुटली होती. ते घरट्याच्या काठावर येऊन पंख उघडून उभे राहिले आणि वाऱ्याने मागे ढकलले गेले. गृहस्थ पुटपुटले, "पडंल की ते." मी म्हणालो, "नाही पडणार." दोघांनाही खात्री नव्हती. काट्यांविषयी मी पुन्हा विचारले. ते म्हणाले, "पोरं चढू नयेत म्हून." मी मान डोलावली, पण मला ते पटले नाही. माझी मुले कशाला चढतील?

त्यानंतरचे रविवार आम्ही रस्त्याच्या कडेवरूनच पाहत असू. तिपाई नेली नाही. साध्या दुर्बिणी गळ्यात असत, आणि मुलांनी आपल्या परीने मला एक शिक्षा दिली होती. मोटारसायकल जवळ आली रे आली, की त्यांच्यातला कोणीतरी हात जोडून म्हणे, "अहाहा, काय ही घार!" दुसरा म्हणे, "अशी घार उभ्या पुण्यात नाही हो." ती मुलगी गंभीर चेहऱ्याने सांगे, "खाच थोडी भरून आली आहे तिची, आजोबा." गृहस्थ गाडी न थांबवता पुढे जात. एकदा मात्र मागे वळून म्हणाले, "पेठेतली हाय गं तू, शोभतीस." पाटी काढल्यापासून मादी घरट्यावरून उठून आमच्यावर घिरट्या घालत नाही, हे मी पाहत होतो. ऊन वाढले म्हणून ती बसून राहत असावी, असे मी मुलांना समजावले होते.

वार्षिक परीक्षेच्या आधीच्या रविवारी फक्त पाच मुले आली. घरटे रिकामे होते. माझे डोळे आधी बुंध्याकडे गेले, काट्यांकडे, राख शोधत. मग मुलीने माझी बाही ओढली. बाभळीपासून दूर, एका खांबावर पिल्लू बसले होते. ते उडाले, अडखळले, माळाच्या वाऱ्यावर सावरले आणि गोल शेपटी पसरून आमच्यावरून खाणीकडे गेले.

तेव्हा मी मुलांना जवळ बोलावले. "तो गरुड होता," मी म्हणालो. "त्या दिवशी मी तुमच्यासमोर खोटे बोललो. नियम मोडला."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. ती मुलगी म्हणाली, "ते आम्हाला माहीतच होतं, सर. आम्ही तुमच्यासाठी घार म्हणत होतो." मग तिने तळहात पाहिला, जणू तिथे अजून काही असेल. "पण एक तुम्हाला माहीत नाही. पाटी बांधायला मी वर चढले होते. दुसऱ्या फांदीपर्यंत. रस्त्यावरून दिसायला हवी म्हणून. म्हणून ती उठली होती. ओरडत होती ती, सर. तुम्ही तेव्हा शिकवत होतात, मग मी बोलले नाही. आजोबांनी मला पाहिलं होतं. खाली उतरल्यावर ते लांबून बोटाने नको नको करत होते."

त्या क्षणी मला काय वाटले ते मी पुष्कळदा तपासले आहे. प्रथम मुलीचा राग आला, आणि तो ओसरल्यावर मी उघडा पडलो. माझ्या सर्वांत सुंदर धड्यात एक आई आम्हाला हुसकावत होती. ज्या माणसाने काटे रचून आम्हाला दूर ठेवले, त्याला मी जाळणारा ठरवले. दुर्बिणीला डोळा लावून मी मैलभर पलीकडे पाहत होतो, आणि माझ्या वर्गातले मूल झाडावर होते.

गृहस्थ आले तेव्हा त्यांच्या गाडीला मागे काहीतरी बांधलेले होते. ती आमची पाटी होती.

"घिऊन जा. घरात आडगळ हुती." त्यांनी ती मुलीच्या हाती दिली. "दगड मारनाऱ्यानं पत्ता लिवायचा म्हनतीस, पन जागा कुठं ठिवलीस गं?"

मी त्यांना म्हणालो, "मी तुमच्यावर संशय घेतला. माझी चूक झाली. काटे कशासाठी होते ते मला आज कळले."

"मीबी घेतला व्हता तुमच्यावर," ते म्हणाले आणि गाडीला किक मारली. "माझा अजून गेला न्हाई."

पुढच्या हिवाळ्यात मी एकटा, बसने, रिकाम्या हातांनी वाघोलीच्या पुढे गेलो. रस्त्यावरूनच पाहिले. माळाला तारेचे कुंपण झाले होते. बाभूळ आत होती, बुंध्याभोवती नवे काटे होते, आणि शेंड्यावरच्या जुन्या पसाऱ्यात ओल्या, हिरव्या डहाळ्या खोचलेल्या होत्या, जोडी परतल्याची खूण. माळ विकला गेला होता की नाही, काटे कोणी घातले होते, हे मी कोणाला विचारले नाही. विचारले असते तर उत्तराबरोबर आणखी चार माणसांना ते झाड ठाऊक झाले असते.

सोमवारी ती मुलगी, आता आठवीत गेलेली, जिन्यात आडवी आली. "सर, या वर्षी वाघोली?"

"तिथे काही नाही," मी म्हणालो. "घार आहे."

तिने क्षणभर माझा चेहरा पाहिला, मी पक्ष्याची शेपटी पाहायला शिकवले होते तसा.

"बरं, सर," ती म्हणाली. "मग नदीवरच जाऊ."

त्या रविवारी आम्ही नदीपात्रात उताणे झोपून घारी पाहिल्या. प्रत्येकीच्या शेपटीला खाच होती.